तालुका मोमिनाबाद

आमच्या घरी लाल रुमालात बांधलेली एक जुनी नक्कल आहे. वर निजाम सरकारचा शिक्का, खाली घाईने ओढलेल्या उर्दूच्या ओळी आणि तारखेच्या जागी खुरदाद 1347 फसली, म्हणजे 1937-38 चं साल. कडेला वाळवीने नक्षी काढली आहे. उर्दू जाणणाऱ्या एका निवृत्त मास्तरांनी बोट ठेवून वाचून दाखवलं: गावाचं नाव, सर्व्हे नंबर, मग 'तालुका मोमिनाबाद, जिल्हा बीड'.

मोमिनाबाद म्हणजे आमचं अंबाजोगाई. हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी तिथे होती, दफ्तरी हेच नाव चाले. आजी मात्र जन्मभर 'जोगाईचं आंबं' म्हणाली. सरकार आपलं म्हणत राहिलं, आजी आपलं. कुणाचं कुणावाचून अडलं नाही.

निजामाचे दिवाण सालारजंग यांनी 1865 मध्ये जिल्हाबंदी केली आणि हा मुलूख जिल्ह्या-तालुक्यांच्या चौकटीत बसला. गावात पटवारी, माली पाटील आणि पोलीस पाटील. वर गिरदावर, त्याच्या वर तहसीलदार, आणि जिल्ह्याला अव्वल तालुकदार. तालुका बोर्ड म्हणूनही एक चीज होती, पण तिच्या अध्यक्षाच्या खुर्चीत तहसीलदारच. रयतेने तशिलीला जायचं ते सारा भरायला, नाहीतर हात जोडायला. 1899-1900 च्या दुष्काळाने बीड जिल्ह्याची माणसं अशी गिळली, की 1891 साली सहा लाखांवर असलेली वस्ती 1901 च्या शिरगणतीत पाच लाखांच्या आत आली. म्हणून जुन्या तालुक्याच्या आठवणीने कुणी फार गहिवरलं, की मी विषय बदलतो.

तरीही त्या तालुक्याच्या शिवेत एक गोडवा होता, तो नाकारवत नाही. परळी तेव्हा याच तालुक्यात. अंबाजोगाईच्या योगेश्वरी देवीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं, पण मुहूर्त टळला आणि वऱ्हाडाचं दगड झालं, ही कथा आमच्याकडे पोरासोरांना पाठ. हत्तीखाना लेण्यातले दगडी हत्ती बघायला नेलं, की म्हातारी माणसं सांगत, हे वऱ्हाडातलेच. देवीने मग लग्न केलं नाही. ती इकडे जयंती नदीच्या काठी राहिली, तो तिकडे पंचवीसेक किलोमीटरवर परळीत. तिला कुलस्वामिनी मानणारी कोकणातली कुटुंबं घाट चढून ओटी भरायला येतात, आम्ही मात्र तिला शेजारीण समजून जाता-येता हात जोडतो. मोडलेल्या लग्नातली दोन्ही घरं निजामाच्या एका तहसीलदाराच्या हाताखाली होती. पुढे परळीचा वेगळा तालुका झाला. जे मुहूर्ताने अर्धवट सोडलं होतं, ते सरकारने राजपत्रात छापून पक्कं केलं.

शिवा मग हलतच राहिल्या. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद शरण आलं. निजामाविरुद्धच्या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ त्याआधी आमच्याच गावात योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक होते, हे आम्ही पाहुण्याला चहाआधी सांगतो. 1949 मध्ये जहागिऱ्या गेल्या, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. 1 मे 1962 ला जिल्हा परिषद आणि पंचायत समिती आली. तालुक्याच्या कारभारात रयतेला खरी खुर्ची मिळाली ती इथे. पुढे 16 ऑगस्ट 1982 ला लातूर जिल्हा झाला आणि रेणापूर आमच्यातून उठून तिकडे गेलं. सोयरिकी, उधाऱ्या, बांधाची भांडणं जिथल्या तिथे. फक्त अर्जावरचा पत्ता बदलला. पूर्वीचे सात तालुके वाटून वाटून आज बीड जिल्ह्यात अकरा झाले आहेत.

माणसांना जुना तालुका विसरता येतो, पण कागद त्यांना विसरू देत नाही. इनामाचा वाद निघाला की मुंतखब शोधा, कुळाचा निघाला की 1954-55 चं खासरा पत्रक. 2023 साली मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं, सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, आणि मराठवाड्यातली जुनी दफ्तरं कुणबी नोंदींसाठी उघडली गेली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. आमच्या मास्तरांच्या ओट्यावर सकाळपासून माणसं बसू लागली. कुणाच्या हातात झेरॉक्स, कुणाच्या हातात मोबाइलवरचा फोटो. पणजोबाच्या नावापुढे पटवाऱ्याने सहज टाकलेला एक शब्द पोराच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाइतका जड झाला. पटवाऱ्याला हे कळलं असतं, तर त्याने अक्षर तरी नीट काढलं असतं.

आता अंबाजोगाई जिल्हा व्हावा ही मागणी आहे, तीही जुनीच. अप्पर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय आहे, गाड्यांना एमएच 44 हा वेगळा नंबर आहे, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे. जिल्हा झालाच तर शीव कुठून ओढणार, यावर बसस्थानकासमोरच्या हॉटेलात रोज नवा नकाशा निघतो. परळी येईल का, यावर आवाज चढतात. रेणापूरकडचे पेशंट मात्र अजूनही आमच्या दवाखान्यात येतात, आणि केसपेपर काढणारा कारकून जिल्हा विचारून घेतो तो फक्त रकाना भरण्यापुरता.