गर्दीचं पंचांग

पिंपरी-चिंचवडमधल्या अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. भोसरीत तेच, चाकणलाही बऱ्याच ठिकाणी तेच. विजेचा भार सगळ्या वारांवर वाटला जावा म्हणून औद्योगिक भागांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारी ठेवायची पद्धत पडली आणि आपल्याकडे गुरुवार आला. काही मोठ्या कंपन्या रविवार पाळतात, काही गुरुवार. एकाच घरात नवऱ्याला गुरुवारी सुट्टी, बायकोला रविवारी, आणि मुलांच्या शाळेचं वेळापत्रक तिसरंच, अशी कितीतरी घरं आकुर्डीत आणि मोशीत सापडतील. या पट्ट्यातल्या गर्दीचा अंदाज बांधायचा तर सुरुवात मोबाईलपासून होत नाही, इथून होते.

मी इंडस्ट्रियल इंजिनिअर आहे. चाकणच्या एका वाहन कारखान्यात उत्पादन नियोजनाचं काम करते. कुठल्या स्टेशनवर माल तुंबणार, किती वेळ थांबणार, कुठे माणूस वाढवला तर लाईन मोकळी होईल, हा माझा रोजचा विषय. करमणूक पार्कातली रांग याच गणितानं चालते. त्यामुळे दिवाळीच्या बोनसची चर्चा सुरू झाली की शॉप फ्लोअरवर मला हमखास प्रश्न येतो, "मॅडम, इमॅजिकाला कधी जाऊ? गर्दी कधी कमी असंल?" मी हा प्रश्न हलका मानत नाही. चौघांची तिकिटं, गाडीभाडं, तिथलं खाणंपिणं मिळून बोनसचा चांगलाच लचका तुटतो. एवढे पैसे मोजून लेकरांना दिवसभर लोखंडी कठड्यांमध्ये उभं करायचं, हे कुणालाच परवडणारं नाही.

आधीच्या पिढीची मजल १९८९ साली गोराईला सुरू झालेल्या एस्सेल वर्ल्डपर्यंत होती. जवळचं म्हणून निगडीचं अप्पूघर होतंच. खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ मध्ये इमॅजिका सुरू झालं, २०१४ मध्ये त्याला वॉटर पार्कची जोड मिळाली, आणि किवळ्याला द्रुतगती मार्गावर चढून घाट उतरला की पोचलो, असं ते आपल्या टप्प्यात आलं. रस्त्याच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. शनिवारी सकाळी बोरघाटात जी कोंडी होते ती मुंबईहून वर येणाऱ्यांची. आपण त्या वेळी खाली उतरत असतो. रविवारी संध्याकाळी मुंबईकर परत उतरतात तेव्हा आपण वर चढत असतो. घाटात अपघात किंवा बंद पडलेला ट्रक नसेल तर निगडीकराचा प्रवास बहुधा सुखाचा होतो. आत गेल्यावर मात्र सगळे एकाच रांगेत.

आता मोबाईलवरच्या अंदाजाकडे येऊ. गूगल मॅप्सवर एखाद्या जागेचं नाव टाकलं की तासातासाच्या गर्दीचे खांब दिसतात. ही सोय २०१५ पासून आहे आणि 'आत्ता किती गर्दी आहे' हे २०१६ पासून दिसू लागलं. लोकांच्या फोनच्या जागेची माहिती, नावगाव काढून, एकत्र करून ते खांब तयार होतात. बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की हा खांब माणसांची संख्या सांगत नाही. त्या जागेच्या आठवड्यातल्या नेहमीच्या कमाल गर्दीशी तुलना करून तो काढलेला असतो. खांब निम्मा दिसला तर कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर तीन माणसं असू शकतात आणि मोठ्या पार्कात काही हजार. शिवाय मागच्या आठवड्यांची सरासरी सणाच्या आठवड्याबद्दल काहीच सांगत नाही.

अमेरिकेत या कामाचं शास्त्रच झालं आहे. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डसाठी लेन टेस्टा या संगणकतज्ज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं प्रत्येक खेळाच्या रांगेतला वेळ नोंदवला आणि प्रत्येक दिवसाला १ ते १० असा गर्दीचा आकडा द्यायला सुरुवात केली. कुठल्या भागातल्या शाळांना कधी सुट्टी आहे हेसुद्धा ते हिशेबात घेतात. त्यांच्या नोंदींतून पुढे आलेली एक गोष्ट मला फार उपयोगी वाटते: रांगेच्या तोंडाशी लावलेला 'इतकी मिनिटं लागतील' हा आकडा प्रत्यक्षापेक्षा बऱ्याचदा जास्त असतो. आपल्याकडे अशा उघड नोंदींचा संग्रह माझ्या पाहण्यात नाही, म्हणून आपला अंदाज आपल्यालाच बांधावा लागतो.

तो बांधताना परदेशी पद्धत जशीच्या तशी उचलली की पहिली ठेच तिथीला लागते. 'गेल्या वर्षी याच तारखेला किती गर्दी होती' हा प्रश्न आपल्याकडे फसवा आहे. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आला आणि ते पुन्हा ८ नोव्हेंबरवर गेलं. तुकोबांची पालखी देहूतून २०२३ मध्ये १० जूनला निघाली, २०२४ मध्ये २८ जूनला, २०२५ मध्ये १८ जूनला. पालखी आकुर्डीच्या मुक्कामी येते तेव्हा जुन्या महामार्गाची वाहतूक वळवतात आणि आमच्या शिफ्टच्या बससुद्धा वेगळ्या रस्त्यानं येतात. आमच्या नियोजनाच्या तक्त्यात इंग्रजी तारखेशेजारी तिथीचा रकाना मी आग्रहानं ठेवला आहे. गर्दीचा हिशेब करणाऱ्या प्रत्येकानं तो ठेवावा.

दुसरी ठेच शाळांची. "कुठलाही मधला वार बघा, रिकामं असतं," असं लोक सांगतात. डिसेंबर-जानेवारीत हे खरं नाही. तेव्हा शाळांच्या सहली निघतात आणि त्या कामाच्या दिवशीच निघतात. चाळीस-पन्नास मुलांची एक बस, अशा बसेस ओळीनं उभ्या राहिल्या की बुधवारचा रविवार होतो. मुलं घोळक्यानं फिरतात, त्यामुळे एखाद्या खेळाची रांग क्षणात फुगते आणि अर्ध्या तासानं ओसरते. उलट जुलै-ऑगस्टच्या मधल्या वारी माणसं खरोखर कमी असतात, पण पाऊस जोरात आला किंवा विजा चमकू लागल्या की उघड्यावरचे मोठे खेळ थांबवावे लागतात. कमी गर्दी आणि बंद खेळ असा तो सौदा आहे. छोट्या मुलांच्या आईबापांना तो चालेल, रोलरकोस्टरसाठी हट्ट धरणाऱ्या कॉलेजकुमाराला चालणार नाही.

आता गणिताकडे वळते, कारण गर्दी आणि थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा एका खेळाच्या गाडीत २४ जण बसतात आणि दर ३ मिनिटांनी एक गाडी सुटते. म्हणजे तासाला ४८० माणसं निघतात. तासाला ४५० येत असतील तर रांग जेमतेमच लागते. ५४० येऊ लागली की दर तासाला ६० माणसं मागे साठतात. तीन तासांनी १८० जण उभे असतात आणि नव्यानं आलेल्याला साधारण २२ मिनिटं लागतात. आता ५४० ऐवजी ६०० येऊ द्या. दर तासाला १२० साठतात, तीन तासांनी ३६०, आणि थांबणं ४५ मिनिटं. माणसं वाढली शेकडा ११ आणि रांग झाली दुप्पट. 'काल तर एवढी गर्दी नव्हती' असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. क्षमतेची रेषा ओलांडल्यावर थोड्याशा वाढीचंही असंच होतं.

याच हिशेबाची दुसरी बाजू पार्कवाल्यांच्या हातात असते. कमी गर्दीच्या दिवशी एखादी गाडी देखभालीसाठी काढली आणि ३ मिनिटांची फेरी ६ मिनिटांवर गेली की निम्म्या रांगेलाही पूर्वीइतकाच वेळ लागतो. म्हणून रांगेत शिरण्याआधी मी पाच मिनिटं बाजूला उभी राहते, किती माणसं आत सोडली हे मोजते, पुढच्या माणसांना त्यानं भागते आणि आलेल्या आकड्याला पाचानं गुणते. पाच मिनिटांत ४० गेली आणि पुढे २०० असतील तर २५ मिनिटं लागणार. हे लहान मुलालाही जमतं आणि मुलांना ते करायला आवडतं. यामागचा नियम जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला. रांगांचं गणित मात्र त्याहून जुनं, १९०९ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग यांनी फोनच्या खोळंब्यासाठी मांडलेलं. आम्ही तेच वेल्डिंगपुढे साठलेल्या भागांना लावतो.

म्हणून विचारणाऱ्यांना मी सांगते: तुमची सुट्टी गुरुवारी असेल तर ती वापरा. मुंबईची सुट्टी रविवारी असते, त्यामुळे खोपोलीला गुरुवारी फक्त आपल्याकडचे लोक वाढतात. त्या दिवशी कुठल्या कंपनीचा 'फॅमिली डे' आहे का, एवढं मात्र आधी विचारून घ्या. दिवाळीत जायचं तर भाऊबीज उलटून कारखाने सुरू झाल्यावर, पण शाळा उघडायच्या आत, मधला वार गाठा. गेट उघडायच्या आधी पोचा आणि प्रवेशाजवळचा पहिला खेळ सोडून सगळ्यात लांबच्या मोठ्या खेळाकडे चाला. गाड्यांचे खेळ सकाळी उरकून घ्या. जिथे एका वेळी सगळं प्रेक्षागृह भरतं ते खेळ दुपारी ठेवा, तिथली रांग एका दमात आत जाते. रांग टाळणारं महाग तिकीट रविवारी घ्यावं, गुरुवारी त्याचे पैसे वाया जातात. आणि जेवायला एक वाजता बसू नका. पहिल्या शिफ्टच्या माणसाला साडेअकराला जेवायची सवय असते, ती इथे कामी येते.

हा सल्ला सगळ्यांनीच पाळला तर? तर तो खोटा ठरेल. चाकणचा तळेगाव चौक तुंबला की नकाशा सगळ्यांना एकाच गावरस्त्यानं घालतो आणि थोड्या वेळात तो रस्ता चौकापेक्षा वाईट होतो. अंदाज फक्त पाहुण्यांच्या हाती राहिला की हे व्हायचंच. तो जागा चालवणाऱ्यांच्या हाती हवा.

हे मी पार्कासाठी म्हणत नाही. पार्काला गेट आहे, तिकीट आहे, आत किती माणसं आहेत ते मिनिटामिनिटाला कळतं. माझी काळजी बिनगेटाच्या जागांची आहे. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना, जीर्ण लोखंडी पूल पर्यटकांच्या भाराखाली कोसळला आणि चार जण गेले. पावसाळा लागलेला, रविवारची दुपार, पिंपरी-चिंचवडपासून दुचाकीच्या अंतरावरचं ठिकाण. त्या दिवशी तिथे झुंबड उडणार हे सांगायला कुठलंही यंत्र नको होतं. पूल आधीच काढून टाकायला हवा होता, ही पहिली गोष्ट. पण मावळात अशा जागा आणखी आहेत, आणि तिथली माणसं कुणीच मोजत नाही.

मोजणं अवघड नाही. तिथे जाणारे बहुतेक लोक दुचाकीवर किंवा चारचाकीत येतात आणि फाट्यावरून आत वळतात. जून ते सप्टेंबर, रविवारी आणि गुरुवारीसुद्धा, फाट्यावर एक माणूस बसवून गाड्या मोजल्या तर दोन पावसाळ्यांत कामापुरता अंदाज तयार होईल. जागा किती माणसं पेलते हे अभियंत्यानं आधी ठरवून द्यायचं, गाड्या तिथवर आल्या की फाटा बंद करायचा, आणि पुढच्यांना देहूरोडलाच फलकावर कळवायचं. आमच्या लाईनवर प्रत्येक स्टेशनपुढे किती भाग साठू द्यायचे याचा आकडा रंगवलेला असतो, तो गाठला की मागचं स्टेशन थांबतं. या पट्ट्यात असे आकडे काढणारे इंजिनिअर हजारोंनी आहेत. ग्रामपंचायतीनं किंवा पोलिसांनी बोलावलं तर गुरुवारी आम्हाला सुट्टीच असते.