आमच्या मताचा भाव

फुकट वाटली तरी कुणी घेत नाही अशी एकच वस्तू या जगात आहे. ती म्हणजे चाळिशी उलटलेल्या मध्यमवर्गीय गृहस्थाचं मत.

माझ्यापाशी या मालाचा साठा मुबलक आहे. आमटीत गूळ आधी घालावा की मागून, रिझर्व्ह बँकेने रेपो दर उतरवावा की चढवावा, नाणेफेक जिंकल्यावर भारताने काय घ्यावं, अशा कुठल्याही विषयावर मी उभ्या उभ्या मत देऊ शकतो. पण मालाला उठाव नाही. घरात पडद्यांचा रंग ठरतो, मुलीचा क्लास ठरतो, सुटीत कुणाकडे जायचं ते ठरतं; मला फक्त शेवटी आकडा सांगण्यात येतो. बँकेत बावीस वर्षं झाली. हल्ली आम्हां क्लार्क लोकांना 'ग्राहक सेवा सहयोगी' असं भारदस्त नाव मिळालं आहे, पण सहयोग मागतात तो कामात, मतात नव्हे. माझं मत विचारलं गेलं ते एकदाच. एका साहेबांच्या निरोपसमारंभाला सामोसे ठेवावेत की बटाटेवडे, यावर. मी म्हटलं, वडे. सामोसे आले.

अशा मनःस्थितीत असताना एका रविवारी माझा मेव्हणा आला आणि चहा पिता पिता म्हणाला, "दाजी, तुम्ही दिवसभर मतं देत असता. त्याचे पैसे का घेत नाही?"

मला वाटलं, हा मला गप्प बसण्याचे पैसे देऊ करतोय. पण तसं नव्हतं. त्याने मोबाइल काढून सगळं समजावून सांगितलं. साबण, चहा, मोटारी विकणाऱ्या कंपन्यांना गिऱ्हाइकाच्या मनात काय चाललंय ते हवं असतं. ते शोधून देणाऱ्या पाहणी-संस्था असतात. तिथे नाव नोंदवायचं. त्या प्रश्न पाठवतात. आपण घरी लुंगी-बनियनवर बसून उत्तरांवर खुणा करायच्या. प्रत्येक पाहणीला काही गुण मिळतात. एक गुण म्हणजे एक रुपया. पाचशे गुण साठले की पाचशे रुपयांचं कूपन.

मत द्यायचं आणि वर पैसे घ्यायचे! आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, ते हेच.

खरं म्हणजे आमच्या घराण्यात उत्तरं फुकट द्यायची रीत. १९९१ च्या जनगणनेच्या वेळी आमच्या कराडच्या वाड्यात नोंदी घ्यायला आल्या त्या माझ्याच शाळेतल्या बाई. चौथीला त्यांनी मला गणित शिकवलं होतं. नाव, वय, शिक्षण, मातृभाषा, सगळं त्यांनी विचारलं. वडिलांनी सदरा घालून, ताठ बसून उत्तरं दिली आणि वर बाईंना चहा पाजला. सरकार आपल्याला विचारतंय, याचाच त्यांना कोण अभिमान! त्या माणसाच्या पोटी माझ्यासारखा दर उत्तरामागे दाम घेणारा निपजावा, याला काळाचा महिमा म्हणायचं.

असो. त्याच रात्री जेवणं आटोपल्यावर मी चष्मा पुसून पहिल्या पाहणीला बसलो. विषय होता बचतीच्या सवयी. म्हटलं, वा! हा तर आपला प्रांत. पहिला प्रश्न वय. दुसरा शहर. तिसरा असा, की तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी पुढीलपैकी कुठल्या क्षेत्रात काम करतं का? जाहिरात, वृत्तपत्र, बाजारपाहणी, बँक. मी अभिमानाने 'बँक'वर खूण केली. लगेच पडद्यावर अक्षरं उमटली: 'आपण दिलेल्या वेळाबद्दल आभार. या पाहणीसाठी आपण पात्र नाही.'

बावीस वर्षं ज्यावर पोट भरलं त्याच विषयात मी नापास!

दुसरी पाहणी शांपूची. केसांचा प्रकार विचारला. तेलकट, कोरडे, साधारण. माझा प्रकार त्यांत नव्हता. 'यांपैकी नाही' म्हटलं. आभार. तिसरी मोटारीची. येत्या सहा महिन्यांत नवी मोटार घेणार का? आमच्या स्कूटरकडे पाहून प्रामाणिकपणे 'नाही' म्हटलं. आभार. चौथीत तर वीस प्रश्नांची उत्तरं देऊन झाल्यावर कळलं, की माझ्या वयोगटाचा कोटा पूर्ण झालेला आहे. पंगतीत बसवून, मीठ-लिंबू वाढून, मग 'जरा उठता का?' म्हणावं, तशातला हा प्रकार.

"काय झालं?" हिने विचारलं.

"आभार मानले," मी म्हणालो.

वाणिज्य शाखेत संख्याशास्त्राचा पेपर सोडवलेला असल्यामुळे या हाकलण्यामागचं शास्त्र मला पुढे उमगलं. अमेरिकेत १९३६ साली 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी जवळजवळ एक कोटी लोकांना पत्रं धाडून मत विचारलं. वीस लाखांवर उत्तरं आली. त्यावरून त्यांनी सांगितलं, लँडन निवडून येणार. प्रत्यक्षात रूझवेल्टनी अठ्ठेचाळीसपैकी सेहेचाळीस राज्यं जिंकली! साप्ताहिक दोन वर्षांत बंद पडलं. चूक काय, तर पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारवाल्यांच्या याद्यांतून. म्हणजे त्या मंदीच्या काळातल्या बऱ्या स्थितीतल्या लोकांचे. त्याच वेळी जॉर्ज गॅलपनी त्याहून कितीतरी कमी माणसं, पण नीट वेचून विचारली आणि बरोबर उत्तर काढलं. तात्पर्य, किती जणांना विचारलं यापेक्षा कुणाला विचारलं याला महत्त्व. ज्याला केस नाहीत त्याचं शांपूवरचं मत घेऊन कंपनी बुडायची. हे सगळं मला पटलं. पण पटल्याने गुण वाढत नाहीत.

कधीमधी मी पात्रही ठरत असे. मग बिस्किटांच्या पुड्यांचे चार रंग दाखवून त्यांतला कुठला 'विश्वासार्ह' वाटतो ते विचारीत. विश्वास ठेवावा असं बिस्किट माझ्या तरी पाहण्यात नाही, पण मी हिरव्याला आठ गुण दिले. मध्येच एखादा प्रश्न असा यायचा: 'आपण लक्ष देऊन वाचत आहात हे दाखवण्यासाठी "अजिबात सहमत नाही" या उत्तरावर खूण करा.' नीट न वाचता भराभर खुणा करत सुटणाऱ्यांना पकडण्यासाठी हा सापळा असतो. मला मात्र हा प्रश्न फार आवडायचा. वरून हुकूम यावा आणि तो पाळण्यासाठीच 'अजिबात सहमत नाही' म्हणावं, असं परिपत्रक बँकेत एकदाही आलं नाही.

पुढे मात्र माझी बुद्धी फिरली. एका पाहणीला चांगले चाळीस गुण होते आणि प्रश्न होता, 'घरी पाळीव प्राणी आहे का?' आजूबाजूला पाहिलं. पाल सोडून कुणी नव्हतं. मी 'होय, कुत्रा' असं लिहून टाकलं. झालं, एका खोट्याच्या पाठोपाठ अख्खं कुत्रं घरात आलं. जात कुठली, वजन किती, दिवसातून किती वेळा खातो, कोरडं खाणं की ओलं, आणि त्याच्या आहाराचा निर्णय घरात कोण घेतं? शेवटच्या प्रश्नाला मी 'स्वतः' असं ठोकून दिलं. निदान कुत्र्याच्या बाबतीत तरी!

तेवढ्यात कन्या मागे येऊन उभी राहिली. "बाबा, लॅब्राडोर कुणाचा?"

"आपला," मी म्हणालो. तीन दिवस घरात कुणी माझ्याशी धड बोललं नाही. मुलगी कुत्रा मागत होती म्हणून, आणि ही मी तिला कुत्रा कबूल केला असं समजून. शिवाय महिन्याभराने त्याच संस्थेने पुन्हा कुत्र्याबद्दल विचारलं तेव्हा मी जात विसरलो आणि पामेरियन लिहिलं. 'उत्तरांत विसंगती' या शेऱ्यासह माझे तीस गुण कापण्यात आले. बाजाराला खोटी माहिती द्यायची आणि वर पकडले जायचं! त्या दिवसापासून मी खरं तेच लिहायचं ठरवलं आणि माझी मिळकत पूर्ववत खालावली.

अखेर चार महिन्यांनी पाचशे गुण पुरे झाले आणि कूपन आलं. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की दीड हजारांच्या वर खरेदी केली तरच ते चालेल. तेव्हा घरी १५९९ रुपयांचा तवा आला. म्हणजे पाचशे रुपये मिळवण्यासाठी खिशातले १०९९ गेले. पण हिला तवा आवडला आणि मी छाती फुगवून म्हणालो, "घरबसल्या मिळाले पाचशे!"

एवढंच म्हणालो. किती वेळात, ते सांगितलं नाही. माणसाने नवऱ्याच्या जातीला जागायला नको का?

हिने ते वाक्य भिशीत नेलं. भिशीतून ते पेठेत गेलं, आणि पेठेच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत त्याचं 'महिन्याला पाच हजार' झालं होतं. मला कुणी विचारलंच तर मी फक्त मंद हसायचो. मंद हसण्याला कर लागत नाही.

मग तो सोमवार उजाडला. काउंटरसमोर दारापर्यंत रांग होती. कुणीतरी खिडकीतून स्लिप सरकवली. वर पाहिलं तर बाई! त्याच, जनगणनेच्या. आता पंच्याहत्तरीच्या पुढे, हातात काठी. स्लिपवर रक्कम अठरा हजार; वर्ग करायची, परराज्यातल्या कुणाच्यातरी खात्यात.

"बाई, हे कुणाचं खातं?"

"अरे, तुझंच काम मीपण सुरू केलंय. सर्वेक्षणाचं," बाई कौतुकाने म्हणाल्या. "पूर्वी मी दारोदार फिरून विचारायची, आता घरी बसून सांगते. काळ बघ कसा!"

त्यांनी फोन पुढे केला. कुणा अनोळखी माणसाचा निरोप आला होता. पहिल्या दिवशी तीन हॉटेलांना तारे द्यायला सांगून दीडशे रुपये खरोखरच खात्यात टाकले होते. मग 'वरच्या गटा'त जाण्यासाठी तीन हजार मागितले. बाईंनी नातवाकडून ते पाठवलेही. आता फोनवर बाईंच्या नावे एकवीस हजार चारशे जमा दिसत होते, आणि ते सोडवून घ्यायला आधी अठरा हजार भरायचे होते.

माझ्या पोटात गोळा आला. मी म्हटलं, "बाई, ही लबाडी आहे. जो आपल्याला पैसे देणार, तो आधी आपल्याकडे कशाला मागेल? तो दीडशेचा दाणा टाकलाय फक्त. तो आकडा नुसता पडद्यावरचा."

"पण तुला मिळतात ना? महिन्याला पाच हजार? सगळी पेठ सांगते."

रांग एकदम शांत झाली. मागच्या टेबलावरचा शिक्कासुद्धा थांबला. मला कळलं, बाईंना या खिडकीपर्यंत त्या निरोपवाल्याने निम्मंच आणलंय. उरलेलं अर्धं अंतर माझ्या मंद हसण्याने आणलंय.

क्लार्कच्या सवयीने मी सगळ्याचा हिशेब एका डायरीत मांडून ठेवला होता. ती ड्रॉवरमध्येच होती. घरी दाखवण्याचं धैर्य नव्हतं म्हणून. ती काढली आणि सगळ्या रांगेदेखत वाचून दाखवली: "चार महिने. पाहण्या उघडल्या एकशे पाच. एकाहत्तर ठिकाणी हाकलून दिलं. चौतीस पुऱ्या झाल्या. एकूण वेळ चोवीस तास. मिळकत पाचशेचं कूपन. म्हणजे तासाला वीस रुपये त्र्याऐंशी पैसे."

बाईंनी डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटलं. मग म्हणाल्या, "भागाकार बरोबर आहे."

"आणि बाई, त्यातसुद्धा एक कुत्रा खोटा होता."

"खोटं लिहिलंस?" पस्तीस वर्षांपूर्वीचाच आवाज. मी अभावितपणे उभा राहिलो. रांगेत कुणीतरी हसलं. हसू दे म्हटलं.

बाईंना आत बसवून पाणी दिलं आणि तिथूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरावर फोन लावून दिला. तक्रार नोंदली गेली. ते तीन हजार अजून परत आलेले नाहीत, पण अठरा हजार राहिले. स्लिप बाईंनी स्वतःच्या हाताने फाडली, चार सारखे तुकडे करून.

जाताना त्या खिडकीशी पुन्हा थांबल्या. "मग या अठरा हजारांचं मी काय करू? तुझं मत काय?"

मी इकडेतिकडे पाहिलं. मलाच विचारत होत्या. वय न विचारता, शहर न विचारता, कुठल्या क्षेत्रात काम करतो ते माहीत असूनही.

"एक वर्षाची मुदत ठेव करा बाई," मी म्हणालो. "ज्येष्ठांना व्याज थोडं जास्त मिळतं."

"बरं," बाई म्हणाल्या आणि फॉर्म मागितला. ना गुण, ना कूपन. पण एवढा भाव माझ्या मताला आजवर कधी आला नव्हता.

संध्याकाळी घरी आलो तर बाहेरच्या खोलीतले पडदे बदललेले. रंग चांगला गडद जांभळा. त्या रंगाविषयी माझं एक ठाम मत होतं. पण म्हटलं, राहू दे. आजचा कोटा पूर्ण झाला.