आमचे पाळणाघर

आमच्या पाळणाघरात पाळणा नाही. पूर्वी एक होता, चांगला सागवानी, पितळी कड्यांचा. पण पाळणा एक आणि त्यावर हक्क सांगणारे अकरा असे होऊ लागले, तेव्हा सासूबाईंनी एका दुपारी तो उतरवून माळ्यावर टाकला. तेव्हापासून सारी मंडळी जमिनीवर गोधड्या अंथरून ओळीने निजतात. अगदीच तान्हे असले तर जुन्या नऊवारीची झोळी. तरी नाव आपले पाळणाघरच! आमच्या गल्लीत ‘सागर दर्शन’ नावाची एक इमारत आहे. तिच्या गच्चीवरून डोंबिवलीची खाडीसुद्धा दिसत नाही. तेव्हा नावाचे काय घेऊन बसलात?

हे पाळणाघर कोणी ठरवून काढलेले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. त्यांतच साचे चालवणारे माझे सासरे होते. गिरणगावातली खोली सोडून मंडळी डोंबिवलीला आली. शेजारची बाई बँकेत नोकरीला. तिने आपला मुलगा ‘दोनच दिवस सांभाळा हो काकू’ म्हणून आणून दिला. ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत. त्या मुलाची मुलगीही आमच्याकडेच वाढून आता शाळेत जाऊ लागली.

मी सकाळच्या शाळेत बालवर्गाला शिकवते. साडेबाराला घरी येते आणि पदर खोचते. सासूबाई अजून माझी ओळख ‘आमची मॅट्रिक झालेली सून’ अशीच करून देतात. मुले निजली की दोन ते साडेतीन हा वेळ माझा. माझ्या साऱ्या कादंबऱ्या याच वेळात लिहून झाल्या. ‘तुमची प्रकरणे इतकी आखूड का?’ असे मला एका जाणत्या गृहस्थांनी विचारले होते. उठलेल्या मुलाला आधी शू करायला न्यावे लागते, हे त्यांना कसे सांगावे?

साडेसहाला दार वाजायला सुरुवात होते. आईच्या एका काखेत मूल, दुसऱ्या खांद्याला पिशवी आणि डोळे घड्याळावर. पिशवीत कपड्यांचे तीन जोड, दुपटे, डबा, बाटली. औषध असेल तर ते कशावर, किती आणि केव्हा द्यायचे, हे स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेल्या पाटीवर आईनेच लिहायचे. नुसते तोंडी सांगितलेले चालत नाही. मोरीतली बादली रिकामी आणि पालथी, कारण वीतभर पाण्यातही लहान मूल जाऊ शकते. शेंगदाण्याचा डबा सगळ्यांत वरच्या फळीवर, कारण दाणा घशात अडकायला क्षणही लागत नाही. आणि आईबापांनी नाव सांगून ठेवलेल्या माणसाखेरीज कोणाच्याही हाती मूल द्यायचे नाही. एकदा एका मुलाचे खरेखुरे मामा पेढे घेऊन न्यायला आले. आईचा निरोप नव्हता. सासूबाईंनी त्यांना दोनदा चहा पाजला, पेढे ठेवून घेतले, पण आईशी बोलणे होईपर्यंत भाच्याला काही हाती लागू दिले नाही.

२०१७ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या कचेऱ्यांना पाळणाघराची सोय करणे भाग पडले. आईने दिवसातून चार वेळा मुलाला भेटावे, अशीही त्यात तरतूद होती. कायदा चांगलाच. पण आमच्या बायकांच्या कचेऱ्या फोर्टात नाहीतर दादरला. सकाळच्या जलद गाडीत जिथे स्वतःची पर्स आत ओढून घेता येत नाही, तिथे वर्षाचे मूल घेऊन चढायचे कसे? म्हणून पाळणाघर लागते ते घराजवळ, आणि आई राहते दीड तासाच्या अंतरावर.

हे अंतर किती असते ते मी २६ जुलै २००५ ला पाहिले. मंगळवार होता. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दुपारनंतर गाड्या बंद, मग फोन बंद, मग दिवे गेले. आमच्याकडे नऊ मुले. सासूबाईंनी मोठ्या पातेल्यात मुगाची खिचडी टाकली, उरलेले दूध मोजून दोन तान्ह्यांसाठी बाजूला काढले. एक चार वर्षांचा सारखा विचारी, ‘आई कधी येणार?’ मी म्हणणार होते, ‘आत्ता येईल हं.’ सासूबाईंनी मला डोळ्यांनी गप्प केले आणि त्याला सांगितले, ‘गाडी अडकली आहे. सुरू झाली की येईल. आज तू माझ्याजवळ निजायचेस.’ तो निजला. शेवटची आई दुसऱ्या दिवशी दुपारी आली, कितीतरी वाट रुळांवरून चालत. पाय इतके सुजलेले की मुलाला उचलून घेण्याइतकेही त्राण तिच्यात नव्हते. सासूबाईंनी आधी तिला बसवले, पायांवर ऊन पाणी घातले आणि मग मूल तिच्या मांडीवर दिले.

अशी ही खोटा धीर न देणारी बाई. म्हणूनच गेल्या वर्षीच्या त्या बुधवारी मी चकित झाले. अकरा महिन्यांची एक ठमाबाई आमच्याकडे असते. दुपारी तीनला ती कपाटाचा आधार सोडून चार पावले टाकीत माठाच्या तिवईपर्यंत गेली. पहिलीच पावले! मी तिच्या आईला कळवायला फोन उचलला.

‘ठेव तो,’ सासूबाई म्हणाल्या. ‘तिच्या आईला घरी दिसू दे.’

‘पण आई, हे लपवणे नाही का? तिचे मूल आहे.’

‘ताप, जुलाब, पडणे, चावणे, हे तिने विचारायच्या आत सांगायचे. आणि हे राखून ठेवायचे. आजवर तसेच करत आले मी.’

म्हणजे चाळीस वर्षांत या बाईंनी कितीजणांची पहिली पावले, कितीजणांचे पहिले शब्द गिळले असतील! मला हे अजून पुरते पटलेले नाही. एखादी आई म्हणेल, मला खरे ते सांगा, मी सोसीन. तिला तो हक्क आहे. पण त्या संध्याकाळी घामाने भिजलेली ती आई दारात उभी राहून ‘आजी, आज काही नवीन?’ असे विचारू लागली, तेव्हा माझीही जीभ उचलली नाही.

‘नवीन म्हणजे, आज भात सगळा संपवला हो,’ सासूबाई म्हणाल्या.

रात्री साडेनऊला फोन वाजला. पलीकडचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. ‘आजी, चालली! आत्ता, आमच्यासमोर!’

‘अगंबाई! खरंच? किती पावले?’ सासूबाईंनी इतक्या नवलाने विचारले की, मीसुद्धा क्षणभर फसले असते. ‘दोन? वा गं वा! दृष्ट काढ आधी तिची.’

फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, ‘माठाची तिवई उद्या सकाळी आत घ्यायला हवी. विसरू नकोस.’