मंगळवारची रात्र

२०२३ सालचं लक्ष्मीपूजन रविवारी आलं होतं, १२ नोव्हेंबरला. न्यू जर्सीतल्या आमच्या घरात सकाळपासून चकल्यांचा घाणा चालू होता आणि ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला माझा फोन दर मिनिटाला वाजत होता. अमेरिकन फुटबॉलचे रविवारचे सामने इथे दुपारी एकला सुरू होतात. त्याआधीचे दोन तास मला सगळ्यात जास्त प्रश्न येतात आणि बहुतेकांचा सूर एकच असतो: याला खेळवू की त्याला? फँटसी फुटबॉल खेळणाऱ्यांना मी गेली अकरा वर्षं सल्ला देते आहे. दिवाळी नेहमी ऐन मोसमात येते, त्यामुळे एका हातात सोऱ्या आणि दुसऱ्या हातात जायबंदी खेळाडूंची यादी हे आमच्याकडे ठरलेलंच.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दहा-बारा ओळखीची माणसं ऑगस्टच्या अखेरीस एकत्र बसतात आणि एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधले खरे खेळाडू पाळीपाळीनं वाटून घेतात. या वाटणीला ड्राफ्ट म्हणतात. एकानं घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. मग तो खेळाडू मैदानात जे करेल त्याचे गुण तुमच्या खात्यात. आमच्या लीगमध्ये धावून किंवा चेंडू झेलून मिळवलेल्या दर दहा यार्डांना एक गुण, प्रत्येक झेलाला एक आणि टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेण्याला, सहा. दर आठवड्याला लीगमधल्या एकाशी तुमची लढत असते. ओकलंड रेडर्स संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी १९६२ साली न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात दोघा-तिघांबरोबर बसून याचे पहिले नियम रचले आणि पुढच्या वर्षी ओकलंडमध्ये आठ संघांचा पहिला ड्राफ्ट झाला. भारतातल्या वाचकांना ड्रीम११ आठवेल. २०२५च्या कायद्यानं भारतात पैसे लावून खेळायचे असे खेळ बंद झाले. पण तिथे संघ एका सामन्यापुरता असायचा. आमची लीग भिशीसारखी आहे. तीच माणसं वर्षानुवर्षं, आणि सप्टेंबरपासून नव्या वर्षाच्या तोंडापर्यंत सोबत.

त्या रविवारी दुपारी जॅक्सनव्हिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा सामना होता. त्यांचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, ख्रिश्चन मॅकॅफ्री सलग सतरा सामन्यांत टचडाउन करत आला होता आणि लेनी मूर यांच्या जुन्या विक्रमाशी त्यानं बरोबरी साधली होती. सॅन फ्रान्सिस्कोनं सामना ३४-३ असा जिंकला, पण मॅकॅफ्रीला टचडाउन मिळाला नाही. संध्याकाळी पूजेची मांडामांड करत असताना माझ्या धाकट्या दिरांचा फोन आला. ते टेक्ससमध्ये असतात, त्यांच्या ऑफिसची लीग आहे.

“वहिनी, मॅकॅफ्री देऊन टाकू का? उतार लागला वाटतं.”

“भाऊजी, टचडाउन सोडा. चेंडू किती वेळा दिला त्याला, ते बघा.”

त्यांनी बघितलं. नेहमीइतकाच दिला होता, आणि धावणं-झेलणं मिळून शंभराहून जास्त यार्ड झाले होते. त्यांनी त्याला ठेवला. मॅकॅफ्रीनं तो मोसम १,४५९ यार्ड धावून आणि एकूण २१ टचडाउन करून संपवला.

माझं सगळं शास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे. गुण म्हणजे होऊन गेलेलं. खेळाडूला संघानं किती काम दिलं, हे पुढच्या रविवारबद्दल बोलतं. टचडाउन बऱ्याचदा चेंडू गोलरेषेजवळ असताना कोणाच्या वाट्याला आला यावर ठरतो, आणि ते आठवड्यागणिक बदलतं. एखाद्याला किती वेळा चेंडू सोपवला, किती वेळा त्याच्या दिशेनं फेकला, किती डावांत तो मैदानावर होता, यात मात्र प्रशिक्षकाचा निर्णय दिसतो, आणि प्रशिक्षक असे निर्णय सहजी फिरवत नाहीत. रविवारी रात्री गुणांचा तक्ता बघून हळहळणाऱ्याला मी म्हणते, तो तक्ता मिटवा आणि दुसरा उघडा.

पुका नाकुआचं उदाहरण मी अजूनही देते. २०२३मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सनं त्याला एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत घेतलं होतं. बहुतेक फँटसी लीगमध्ये त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मोसमाच्या पहिल्याच रविवारी, संघाचा मुख्य रिसीव्हर कूपर कप जायबंदी असताना, त्याच्याकडे पंधरा वेळा चेंडू फेकला गेला. दहा झेल, ११९ यार्ड, टचडाउन एकही नाही. नवख्या पोरावर पहिल्याच दिवशी पंधरा वेळा विश्वास टाकणारा संघ त्याला पुढच्या आठवड्यात विसरणार नाही, हे त्या एका आकड्यात होतं. त्याचा पहिला टचडाउन यायला चौथा आठवडा उजाडला. मोसमाअखेर १०५ झेल आणि १,४८६ यार्ड, दोन्ही त्या वेळी नवख्या खेळाडूचे विक्रम.

अशा खेळाडूला मिळवायची रात्र मंगळवारची. कोणाच्याच संघात नसलेले खेळाडू रविवारनंतर वेव्हरवर जातात. आमच्याकडे प्रत्येकाला मोसमासाठी शंभर डॉलर मिळतात, तेही कागदावरचे. मंगळवारी रात्री ज्यानं त्यानं आपली बोली गुपचूप लिहायची. बुधवारी पहाटे पाकिटं उघडतात, जास्त बोलीवाल्याला खेळाडू मिळतो. मी सांगलीकडची. लहानपणी आजोबांबरोबर जनावरांच्या बाजारात गेले की दोन माणसं उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवताना दिसायची आणि बाजूला उभे असलेले सगळे त्यांच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधायचे. वेव्हरचं तेच आहे, फक्त चेहरा दिसत नाही. म्हणून समोरच्यांची गरज वाचावी लागते: कोणाचा रनिंग बॅक जायबंदी आहे, कोणाच्या खेळाडूला या आठवड्यात सामनाच नाही, कोणाच्या गाठीला किती डॉलर उरलेत.

लक्ष्मीपूजनाच्या त्याच रविवारी ह्यूस्टनच्या डेव्हिन सिंगलटरीनं सिनसिनाटीविरुद्ध तीस वेळा चेंडू घेऊन १५० यार्ड काढले होते. मूळचा रनिंग बॅक डॅमियन पिअर्स जायबंदी होता. मंगळवारी पाडवा. ओवाळणं आटोपल्यावर भाऊजींचा पुन्हा फोन: “पिअर्स परतला तर पैसे वाया जातील. पाच लावू?” त्यांच्याकडे एकतीस डॉलर शिल्लक होते. मी म्हटलं, वीसच्या खाली जाऊ नका. एखाद्याला तीस वेळा चेंडू देणारा संघ त्याला आपला माणूस मानायला लागलेला असतो. शिवाय डिसेंबरात उरलेल्या डॉलरांचं काही येत नाही. लोक ते शेवटपर्यंत पुरवून वापरतात, आणि मला वाटतं या खेळातली सगळ्यात महागडी काटकसर हीच. भाऊजींनी बावीस लावले. सिंगलटरी पुढच्या रविवारीही शंभर यार्डांच्या वर धावला, आणि पिअर्स परतल्यावरही पुढचा मान त्याच्याकडेच राहिला.

आता रविवारच्या प्रश्नाकडे येते. ‘याला की त्याला’मध्ये दोघे जवळजवळ सारखे असतील, तर कोणालाही खेळवा, झोप घालवू नका. झोप घालवावी ती वेळापत्रकावर. २०२४च्या पहिल्या आठवड्यात मॅकॅफ्रीच्या नावापुढे ‘शंकास्पद’ होतं आणि त्याचा सामना सोमवारी रात्री, आठवड्यातला शेवटचा. एका मुलीनं मला शनिवारी विचारलं होतं की त्याच्या मागचा जॉर्डन मेसन घेऊन ठेवू का. मी नको म्हटलं, बेंचवरची जागा अडेल म्हणून. सामन्याच्या दीड तास आधी न खेळणाऱ्यांची यादी येते. तीत मॅकॅफ्री होता. तोवर तिच्या बेंचवरचे सगळे रविवारी खेळून मोकळे झाले होते. त्याच्या जागी घालायला कोणी उरलं नव्हतं. मेसन २८ वेळा चेंडू घेऊन १४७ यार्ड धावला, वर एक टचडाउन. ती तो आठवडा हरली, आणि ती चूक माझी होती. शंकास्पद खेळाडू उशिराच्या सामन्यात असेल तर त्याच सामन्यातला किंवा त्यानंतरचा एक पर्याय हाताशी असलाच पाहिजे, हे मी तेव्हापासून न विचारताही सांगते. आणि गुरुवारी खेळणाऱ्याला फ्लेक्सच्या जागी कधी बसवू नका. त्या जागी रनिंग बॅक, रिसीव्हर, टाइट एंड कोणीही चालतो. ती जागा शेवटपर्यंत मोकळी ठेवली की ऐन वेळी सुटका होते.

ट्रेडबद्दल लोक मला ‘हा सौदा मला फायद्याचा आहे का’ असं विचारतात. मी उलट विचारते, समोरच्याला तो का हवा असेल? सहा लढती हरलेल्याला या रविवारी जिंकायचंच असतं, त्याला आज खेळणारा माणूस हवा. पहिल्या नंबरवरचा तीन आठवडे थांबू शकतो, त्यानं जायबंदी झालेला मोठा खेळाडू मागावा. दोन मध्यम देऊन एक उत्तम मिळत असेल तर बहुधा घ्यावा, कारण मोकळ्या झालेल्या जागी वेव्हरवरून आणखी कोणी येतो. पण ज्याच्या गळ्यात दोन पडतात त्याला एकाला सोडावं लागतं, हे ध्यानात ठेवून बोलणी करावीत. ही माणसं पुढच्या वर्षीही समोर बसणार असतात. फसवल्याची आठवण लीगमध्ये फार वर्षं टिकते, त्यामुळे अगदीच एकतर्फी सौदा कोणी पुढे केला तर मी माझ्या माणसाला तो करू देत नाही.

एका सोमवारी मात्र मी कोणालाच उत्तर दिलं नाही. २ जानेवारी २०२३, सिनसिनाटीला बफेलोचा सामना. बऱ्याच लीगची ती अंतिम लढत होती, माझीही. पहिल्याच सत्रात बफेलोचा डेमार हॅमलिन एका टॅकलनंतर उठला आणि कोसळला. त्याचं हृदय थांबलं होतं. मैदानावरच त्याच्या छातीवर दाब देत होते आणि दोन्ही संघांचे खेळाडू गुडघ्यावर बसून रडत होते. माझ्या फोनवर प्रश्न येत राहिले: आता गुणांचं काय? मी फोन बंद करून देवापाशी दिवा लावला. तो सामना पुन्हा झालाच नाही. हॅमलिन वाचला, आणि पुढच्या मोसमात मैदानात परतला. मुलांना खेळणी देण्यासाठी त्यानं सुरू केलेल्या छोट्या निधीत त्या दिवसांत लाखो डॉलर जमले. त्यात फँटसी खेळणाऱ्यांचीही बक्षिसं होती.

मी तेव्हा अकरा गुणांनी पुढे होते आणि समोरच्या सहकाऱ्याकडे बफेलोचा जोश ॲलन होता, त्याचा बहुतेक खेळ अजून बाकी होता. नियमानं लीगची ढाल माझी होती. आम्ही दोघांनी लीगचे जमलेले पैसे त्या निधीत टाकले. ढालीवर दरवर्षी विजेत्याच्या नावाची पितळी पट्टी बसते. २०२२च्या मोसमाची पट्टी आम्ही बसवली, तिच्यावर साल आहे आणि नाव नाही.