गुरुजींचा संगणक आणि काकूंच्या गोळ्या

वृद्धांच्या घरी तपासणीस गेलो की खाटेशेजारच्या टेबलावर काय काय मांडलेले आहे, याकडे माझी नजर आपोआप जाते. रक्तदाब मोजण्याचे यंत्र, ग्लुकोमीटर, वाफेचे यंत्र, आठवड्याच्या सात वारांची सात झाकणे असलेली गोळ्यांची डबी. गेल्या काही वर्षांत या मांडामांडीत संगणकाची भर पडली आहे. बहुधा तो मुलाने नवा घेतल्यावर मागे राहिलेला असतो आणि त्यावर धूळ बसू नये म्हणून जुन्या साडीचे आवरण घातलेले असते. रक्तदाबाच्या यंत्रातील सेल कोणी बदलायचे हे घरात ठरलेले असते. संगणकाची देखभाल कोणाकडे, असे विचारले तर मात्र सगळे एकमेकांकडे पाहू लागतात. मी संगणकतज्ज्ञ नव्हे. परंतु ज्या यंत्रावर रुग्णाचा औषधोपचार विसंबून आहे, ते यंत्र माझ्या कक्षेबाहेरचे आहे असे आता मला मानता येत नाही. त्याला कारण हिवरे बाजारचे एक दांपत्य.

गुरुजी निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय पंचाहत्तरच्या पुढे. काकूंच्या हृदयातील एक झडप लहानपणीच्या सांधेज्वराने निकामी झाली आणि पुढे तिच्या जागी धातूची कृत्रिम झडप बसवण्यात आली. अशा झडपेवर रक्ताची गुठळी बसू नये म्हणून असेनोकुमारॉल हे औषध जन्मभर घ्यावे लागते. रक्त कितपत पातळ झाले आहे हे आयएनआर या तपासणीतून कळते. काकूंच्या झडपेच्या जागेसाठी तो आकडा साधारण २.५ ते ३.५ असावा. त्याहून कमी झाल्यास गुठळी आणि अर्धांगवायूचे भय, फार वाढल्यास रक्तस्रावाचे. मेथी-पालकाची भाजी एकाएकी भरपूर खाण्यात आली तर आकडा उतरतो. मेट्रोनिडाझोलसारखे जुलाबावरचे साधे औषध पोटात गेले तर तो चढतो. म्हणून या रुग्णांची नोंदवही त्यांच्या गोळीइतकीच मोलाची असते.

गुरुजींनी ही नोंदवही संगणकात ठेवली होती. वर्डमधील एक लांबलचक तक्ता: तारीख, आयएनआर, कोणत्या वारी किती मिलिग्रॅम, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. ‘एकादशी, केवळ भगर व दाणे’, ‘दाढदुखी, गोळी घेतली, डॉक्टरांना विचारले नाही’. सेवेत असताना शाळेचे कागद टंकलिखित करण्याची सवय जडलेली, त्यामुळे सर्व मजकूर टंकयंत्राच्या कळफलकावर चालणाऱ्या जुन्या मराठी फाँटमध्ये होता. अकरा वर्षांच्या नोंदी. माझ्या दवाखान्यातील कागदपत्रांपेक्षा त्या अधिक नीटनेटक्या होत्या, हे मला मान्य करावे लागेल.

संगणक मंदावला म्हणून पुतण्याने तो शहरातील एका दुकानात नेला. दुकानदाराने जुनी हार्ड डिस्क काढून नवी एसएसडी बसवली, विंडोज नव्याने घातले, गुरुजींच्या फायली नव्या डिस्कवर उतरवून दिल्या आणि जुनी डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून परत केली. संगणक खरोखर चपळ झाला. तक्ता उघडला तेव्हा मात्र मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होती. गुरुजींना वाटले, फाईल नासली. त्यांनी कोणास सांगितले नाही. नव्या नोंदी वहीत लिहू लागले. दोन महिन्यांनी काकूंच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरली आणि भूलतज्ज्ञांनी मागील दोन वर्षांचे आयएनआर व मात्रा मागितल्या, तेव्हा ते त्या खिचडीचीच छापील प्रत घेऊन माझ्याकडे आले.

तो कागद पाहून माझ्या अंगावर काटा आला, आणि तो अक्षरांमुळे नव्हे. अक्षरे वाचता येत नव्हती, म्हणजे त्यांच्यापासून धोकाही नव्हता. आकडे मात्र वाचता येत होते आणि ते चुकीचे होते. त्या फाँटमध्ये दशांशाच्या टिंबासाठी मुळात आडव्या रेघेची कळ वापरलेली होती. फाँट गेल्यावर टिंब नाहीसे होऊन रेघ उरली. गुरुजींनी लिहिलेले २.५ आता २-५ असे दिसत होते. मात्रेच्या रकान्यात ‘२-५’ वाचणारा कोणीही अनोळखी डॉक्टर ‘दोन ते पाच मिलिग्रॅम’ असाच अर्थ लावील.

हा घोळ मराठी घरांत नवा नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. युनिकोड रूढ होण्यापूर्वी पुण्याच्या सी-डॅकपासून अनेकांनी संगणकावर मराठी आणण्याचे मोठे काम केले. वर्तमानपत्रे, लग्नपत्रिका, शासकीय पत्रे त्यावरच निघाली. त्या काळातील बहुतेक फाँटांची युक्ती अशी होती की, फाईलमध्ये साठायचे इंग्रजी अक्षर आणि त्यावर मराठी अक्षराचे चित्र चढवायचे. चित्रांचा संच, म्हणजे फाँट, यंत्रात असेतोवर सर्व ठीक. तो नसेल तर मुखवटा गळून आतले इंग्रजी अक्षर उघडे पडते. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे; फाँट बदलला तर वळण बदलते, अक्षर बदलत नाही. विंडोज २००० पासून ही सोय यंत्रातच आहे, पण हातांना जडलेली सवय सुटत नाही.

जुनी डिस्क गुरुजींनी टाकून दिलेली नव्हती, ती धान्याच्या कोठीवर ठेवलेली होती. डिस्क बाहेरून जोडण्याची दोनशे-तीनशे रुपयांची केबल मिळते. माझ्या भाच्याने ती लावून जुन्या विंडोजच्या फाँटच्या कप्प्यातून ती एक फाईल उचलली, नव्या यंत्रात बसवली, आणि तक्ता जसाच्या तसा परत आला. गुरुजी पडद्याकडे पाहत कितीतरी वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “डॉक्टर, मी समजत होतो, माझ्याच हातून हिचं सगळं पुसलं गेलं.” दोन महिने हा मनुष्य हे ओझे घेऊन एकटा वावरत होता. शुश्रूषा करणाऱ्यांच्या मनातील अशा ओझ्याची नोंद आमच्या केसपेपरवर कधी होत नाही.

नंतर भाच्याने रूपांतराचे सॉफ्टवेअर वापरून तो तक्ता युनिकोडमध्ये आणला. अशा रूपांतरात रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास चुकतात, त्यांनी फारसे बिघडत नाही. आकडे मात्र गुरुजी आणि मी समोरासमोर बसून, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने प्रयोगशाळेच्या कागदाशी ताडून पाहायचे, असे तीन संध्याकाळी तपासले. काकू मधून मधून चहा देत आणि “माझ्या गोळ्यांचं ऑडिट संपलं का?” असे विचारीत. शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली.

यावरून ‘चालते आहे त्याला हात लावू नये’ असा निष्कर्ष काढणारे वाचक असतील. मला तो मान्य नाही. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. नोंदणी केल्यास घरगुती वापरासाठी आणखी एक वर्षाची सवलत आहे, पण ती सवलतच. अद्यतन न घेतल्यास काय होते ते वैद्यकीय जगाने पाहिले आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रणालीने ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील संगणक बंद पाडले आणि हजारो रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या. ज्या फटीतून ती शिरली ती बुजवणारे अद्यतन मार्चमध्येच निघालेले होते. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर तसाच हल्ला झाला आणि अनेक दिवस तेथील कामकाज कागद-पेनावर चालले. मी रुग्णांना सांगताना लसीचे उदाहरण देतो. ते सर्वस्वी चपखल नाही, कारण लस निर्धोक ठरवूनच टोचली जाते, अद्यतन कधी कधी तपासण्याआधीच येते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एकाच सदोष अद्यतनाने जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बसले होते. म्हणून माझा सल्ला मधला आहे. अद्यतन अवश्य घ्यावे, पण आधी फायलींची प्रत काढावी. आणि ज्या दिवशी रुग्णालयाला कागद पाठवायचे आहेत किंवा डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायचे आहे, त्या दिवशी घेऊ नये.

नवे यंत्र घ्यावे की जुनेच सुधारावे, हा प्रश्न मला औषधांच्या किमतीइतकाच वेळा विचारला जातो. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती लागते. सुमारे २०१८ पूर्वीची बरीच यंत्रे येथेच अडतात. आपले यंत्र बसते की नाही हे सांगणारा मायक्रोसॉफ्टचा मोफत कार्यक्रम आहे, त्याचे नाव ‘पीसी हेल्थ चेक’. नाव वाचून मला बरे वाटले. बसत असेल तर एसएसडी आणि ८ जीबी रॅम घातल्यावर मंद संगणकही बहुधा वाहता होतो. बसत नसेल आणि काम ईमेल, व्हिडिओ कॉल, मराठी लेखन एवढेच असेल तर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली पुरते, मात्र ती बसवून देणारा आणि नंतर फोन उचलणारा माणूस जवळ हवा.

काही सुधारणांना पैसाही लागत नाही. पडद्यावरील अक्षरे १२५ किंवा १५० टक्के करता येतात. विंडोजची कळ आणि अधिकचे चिन्ह एकत्र दाबले की भिंग उघडते. हात थरथरत असेल तर माउसच्या दुहेरी क्लिकचा वेग कमी करावा. द्विकेंद्री चष्मा वापरणाऱ्यांनी पडदा नेहमीपेक्षा थोडा खाली ठेवावा. उंच ठेवला तर खालच्या काचेतून पाहण्यासाठी हनुवटी वर करून मान मागे टाकावी लागते आणि मग मानदुखीसाठी माझ्याकडे यावे लागते.

दुरुस्तीच्या नावाखाली होणारी फसवणूक हा माझ्या मते मंदपणापेक्षा मोठा आजार आहे. पडद्यावर अकस्मात भोंगा वाजू लागतो, ‘तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे, या क्रमांकावर फोन करा’. खऱ्या सुरक्षा-सूचनेत फोन क्रमांक कधीही नसतो. फोन केला की समोरचा एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर बसवायला सांगतो. ही मूळची दूरवरून दुरुस्ती करण्याची प्रामाणिक साधने, पण ती उघडून दिली की आपले बँकखाते त्याच्या हातात जाते. अशा वेळी संगणक बटणाने सरळ बंद करावा, बँकेला कळवावे आणि पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० वर फोन करावा. आई-वडिलांनी असे काही लपवले तर मुलांनी रागावू नये. रागाच्या भीतीनेच ते लपवतात, आणि तेवढ्यात पैसे पुढे निघून जातात.

गुरुजींच्या गावात पावसाळा सरला की पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत आहे. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने घडलेल्या या आदर्श गावात पाऊस बेताचाच पडतो. किती पडला, विहिरींत किती उतरला हे मोजून मगच रब्बीला काय पेरायचे ते ठरते. शेतीसाठी बोअरवेल नाही आणि उसासारखे तहानलेले पीकही नाही. ग्रामसभेचा तो ताळेबंद झाला की त्याच आठवड्यात गुरुजी आता आपल्या संगणकाचाही मांडतात. डिस्कवर जागा किती उरली, कोणती सॉफ्टवेअर वर्षभरात एकदाही उघडली नाहीत ती काढून टाकायची, सुरक्षा-अद्यतन शेवटचे कधी झाले. तक्त्याची एक प्रत यंत्रात, एक पेन ड्राइव्हवर, एक पुण्यातील मुलीकडे आणि मागील सहा महिन्यांची छापील प्रत काकूंच्या पिशवीत. शाळेतील जुनी पानगळ झाडण्याच्या उत्साहाने ते हे करतात. नव्याने काही बसवायचे झाले तर पुतण्याला अट एकच: आधी काय होते ते वहीत लिहायचे, मग काढायचे.

मागील ताळेबंदात त्यांच्या यंत्राची तारीख दर वेळी मागे जात असल्याचे आढळले. त्यामुळे बँकेचे आणि रुग्णालयाचे संकेतस्थळ उघडेना. मदरबोर्डवरील रुपयाएवढा चपटा सेल संपला होता. ‘सीआर २०३२’, पन्नास रुपयांच्या आत मिळतो. पुतण्याने तो बदलला आणि जुना सेल टेबलावर ठेवून चहाला गेला. घरात सुटीला आलेली दीड वर्षाची पणती होती. काकूंनी तो उचलून कागदावर चिकटपट्टीने डकवला आणि उंच कोनाड्यात ठेवला. हा सेल गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत तेथे गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. मूल रडत नसले, वरकरणी बरे दिसत असले तरी. तशी नुसती शंका आली तरी मुलाला उलटी करवू नये आणि एक्स-रे व दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच क्षणी न्यावे. मूल एक वर्षावरील असेल आणि गिळणे शक्य असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, मात्र मधासाठी थांबू नये. जुन्या सेलचे पाकीट सोबत घ्यावे, त्यावरील क्रमांक डॉक्टरांना उपयोगी पडतो.