लेहरा आणि टिकटिक

दिवे लागले की सराफ्यातील पेढ्यांची दारे मिटतात आणि त्यांच्याच ओट्यांवर शेगड्या पेटतात, हे इंदूरकर वाचकांस सांगावयास नको. गेल्या हिवाळ्यात मध्यरात्रीच्या सुमारास, अशाच एका मिटलेल्या पेढीसमोर गरम गराडू खाता खाता, आमचे आणि आमच्या भाच्याचे चांगलेच वाजले. निमित्त होते त्याच्या रॉक बँडचे.

भाचा महाविद्यालयात शिकतो आणि बँडमध्ये ड्रम वाजवतो. त्या संध्याकाळी स्नेहसंमेलनात त्यांचा कार्यक्रम होता. आम्ही तबल्याचे जुने विद्यार्थी. तरीही बहिणीच्या आग्रहाखातर गेलो. मंचावर मुले चार. कानांवर मात्र व्हायोलिनांचा ताफा, स्त्रियांचे वृंदगान आणि मधूनच घंटानाद पडत होता. हे सारे वाजवणारे, गाणारे कोणी दिसेनात. तिसऱ्या गाण्यात तो अदृश्य ताफा एकाएकी गप्प झाला. चौघेही बावरले, चार-सहा मात्रा चाचपडले आणि थांबले. संगणक पुन्हा सुरू करून गाणे आरंभापासून वाजवण्यात आले. सभागृहाने उदार मनाने टाळ्या दिल्या. आमचे हात मात्र मांडीवरच राहिले.

“ही उघडउघड फसवणूक आहे,” आम्ही सराफ्यात म्हणालो.

“मामा, तुम्ही दोन निराळ्या गोष्टी एकत्र करता आहात,” तो म्हणाला, आणि आम्हांस समजावू लागला. घंटा त्याने स्वतःच वाजवली होती. ड्रमला एक लहानसा संवेदक लावलेला असतो; काठीचा आघात झाला की त्यातून विजेचा संदेश जातो आणि साठवून ठेवलेला ध्वनी उमटतो. यास ट्रिगर म्हणतात. आपल्याकडील ऑर्केस्ट्रांतून दिसणारा ऑक्टोपॅड याच जातीचा. रोलँड कंपनीने 1985 साली तो बाजारात आणला. त्यातील ध्वनी उसना असला, तरी तो केव्हा आणि किती जोराने उमटावा हे वाजवणाऱ्याचा हातच ठरवतो.

व्हायोलिनांची गोष्ट वेगळी. ती सिक्वेन्सरच्या स्वाधीन होती. कोणता स्वर, कोणत्या क्षणी, किती जोराने आणि किती वेळ, हे त्यात आधीच नोंदवलेले असते. कळ दाबली की यंत्र त्या बरहुकूम वाद्यांना आज्ञा देत सुटते. 1983 साली ‘मिडी’ ही समाईक संकेतपद्धती ठरल्यापासून एका कंपनीचे यंत्र दुसऱ्या कंपनीच्या वाद्याला अशा आज्ञा देऊ शकते. या यंत्राशी मेळ राहावा म्हणून ड्रमवाल्याच्या कानात एक टिकटिक सोडलेली असते. ती श्रोत्यांना ऐकू येत नाही. बाकीचे वादक ड्रमच्या मागे चालतात आणि ड्रम टिकटिकीच्या मागे.

हा प्रकार आजचा नाही, हेही त्याने सांगितले. इंग्लंडच्या ‘द हू’ या बँडचा ड्रमवादक कीथ मून 1971 सालीच कानांवर हेडफोन चढवून, आधी मुद्रित केलेल्या सिंथेसायझरच्या साथीने मंचावर वाजवीत असे. पुढे 1973 साली न्यूकॅसल येथे त्यांच्या ध्वनिफितींचा मेळ चुकला, तेव्हा पीट टाउनशेंड भर कार्यक्रमात त्या यंत्रसामग्रीवरच तुटून पडला. आमच्या भाच्याने निदान संगणक फोडला नव्हता.

“म्हणजे यंत्राचे तुम्ही बांधलेले गुलाम,” आम्ही म्हणालो.

“आणि तुम्ही रोज सकाळी लेहऱ्याचं यंत्र लावून बसता, ते काय आहे, मामा?”

हातातला गराडू हातातच राहिला.

एकल तबलावादनात लेहरा म्हणजे एका आवर्तनाची धून. ती सारखी फिरत राहते आणि तिच्या चौकटीत कायदे, रेले, तिहाया मोजून पाहायच्या असतात. पूर्वी ती पेटीवर किंवा सारंगीवर कोणी वाजवीत असे. आमच्याकडे अकरा वर्षे, आठवड्यातून तीन सकाळी, एक पेटीमास्तर येत. रेला हाताबाहेर जाऊ लागला की ते लय किंचित धरून ठेवीत. आम्ही मरगळलो की अंमळ पुढे रेटीत. आम्हांस तो त्यांचा दोष वाटे. “मास्तर, लय हलते,” असे आम्ही कितीदा तरी सुनावले असेल. पुढे आम्ही यंत्र विकत घेतले आणि, आता आपणांस उगीच तसदी नको, असे त्यांस गोड शब्दांत कळवले. एके सकाळी ते यंत्र पाहावयास आले, चार आवर्तने डोळे मिटून ऐकली, “सुरात आहे,” एवढेच म्हणाले आणि निघून गेले. तीन पावसाळ्यांनंतर त्यांच्या निधनाची वार्ता आली. त्या मधल्या काळात आम्ही त्यांच्या घरी एकदाही गेलो नव्हतो.

भाच्याशी तावातावाने भांडताना आम्हांस यातले काहीच आठवले नव्हते.

फसवणुकीचा आरोप आम्ही तेथल्या तेथे मागे घेतला. ज्या बाजारात उभे होतो तेथे तरी तो शोभला नसता. चोख सोन्याचा दागिना टिकत नाही. बावीस कॅरटच्या सोन्यात दुसरा धातू मिसळलेला असतोच, आणि तसा शिक्का असला की त्यास कोणी लबाडी म्हणत नाही. मुलांनी संगणक तर मंचावर उघडाच ठेवला होता.

एकसारखी लय हाही दोष नव्हे. याच इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांना अतिविलंबित झुमऱ्यात तबल्याचा साधा, सरळ ठेकाच हवा असे. परंतु तो साधा ठेका देणारा तबलजी गाणे ऐकत असतो. टिकटिक ऐकत नाही. ट्रिगर निदान हाताचे ऐकतो. सिक्वेन्सर कोणाचेच ऐकत नाही. आणि न ऐकणाऱ्याच्या संगतीत फार काळ राहिले की आपणही ऐकणे विसरतो. ती मुले थांबली याचे कारण, यंत्रावाचून एकमेकांचे ऐकून वाजवण्याची सवयच त्यांस लागली नव्हती. आमची तरी कोठे उरली होती? वीज गेली की आमचा रियाज बंद पडे, आणि आम्ही विजेला दोष देत असू.

हे सारे भाच्यास सांगितले तेव्हा सराफ्यातील गर्दी विरळ होऊ लागली होती. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मला थोडी पेटी येते, मामा. रविवारी येऊ?”

तो आला. आम्ही माळ्यावरून जुनी पेटी काढून पुसून ठेवली होती. तीनतालातला लेहरा त्याने दोन दिवसांत बसवला होता. बोटे अडखळत होती. आम्ही कायदा धरला. पाचव्या-सहाव्या आवर्तनात लय हलली. आमच्या ओठांवर तेच जुने वाक्य आले. आम्ही ते गिळले, आणि त्याच्या लयीकडे कान देऊन वाजवीत राहिलो.