जिजाऊंच्या माहेरी, पायी

मुंबई-नागपूर महामार्गाने जाणारी कुटुंबे बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे लखुजीराव जाधवांच्या राजवाड्यापाशी थांबतात, छायाचित्रे घेतात आणि मार्गस्थ होतात. १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊ येथे जन्मल्या. परंतु हे गाव मोटारीतून कळत नाही. आणि पायी फिरणे ज्येष्ठांनाही झेपेल असे आहे.

सकाळच्या कोवळ्या उन्हात राजवाड्यातून निघावे. रंगमहाल पाहावा, नीळकंठेश्वराचे दर्शन घ्यावे, काळाकोटाच्या अपूर्ण राहिलेल्या भिंतींपाशी थबकावे. पुतळाबारवेतील शिल्पे सावकाश निरखावीत. ज्यांच्या पायांत बळ असेल त्यांनी मोती तलावाचा बांधही गाठावा. वाड्याइतकीच पाण्याचीही काळजी वाहणारे हे घराणे होते, हे तेथे उमगते.

अखेरीस लखुजीरावांच्या समाधीपाशी यावे. १६२९ च्या जुलैत दौलताबादेस निजामशहाच्या दरबारात ते, त्यांचे दोन पुत्र आणि नातू मारले गेले. त्या वेळी जिजाऊ गरोदर होत्या. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवराय जन्मले. राजवाड्यापासून समाधीपर्यंतची ही वाट फार लांब नाही. पण ती चालल्यावाचून त्या मातेचे धैर्य कळत नाही.